एओर्टाला आकडा हवा: पोटाची सोनोग्राफी शिकणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी

पोटाच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट चाळून पाहा. लिव्हर किती सेंटिमीटर, प्लीहा किती, दोन्ही किडन्यांची लांबी-रुंदी, प्रोस्टेटचं वजन ग्रॅममध्ये, सगळं नीट मोजलेलं असतं. एओर्टापाशी आलं की एवढंच लिहिलेलं असतं: ‘नॉर्मल दिसतो’. कित्येकदा तेही नसतं. पोटातली ही सर्वांत मोठी धमनी, आणि तिचा सर्वांत घातक आजार ओळखायचा तो व्यासाच्या आकड्यावरून. म्हणून या लेखात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: एओर्टा पाहा, मोजा आणि आकडा लिहा.

इंदूरच्या मराठी घरांतली मुलं-मुली रेडिऑलॉजीला, मेडिसिनला, इमर्जन्सीला जातात. पुस्तकं इंग्रजीत, वॉर्डातलं बोलणं हिंदीत आणि माळवीत. हाताने करायच्या कामाबद्दल आपल्या भाषेत वाचायला फारसं मिळत नाही, तेवढ्यासाठी हे मराठीत लिहिते आहे. शब्द मात्र रोज वापरतो तेच ठेवले आहेत.

आकडा कशासाठी

एओर्टाची भिंत कमकुवत होऊन तो फुगला की त्याला एन्युरिझम म्हणतात. तो वर्षाला काही मिलिमीटर या गतीने वाढत राहतो, दुखत नाही, खुपत नाही. फुटतो तेव्हा बहुतेक रुग्ण दगावतात, बरेचसे रुग्णालयाच्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत. मात्र फुटण्याआधी सापडला तर उपाय आहेत. अल्बर्ट आइनस्टाइन यांच्यावर १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन यांनी शस्त्रक्रिया केली, तेव्हा फुगलेल्या एओर्टाभोवती सेलोफेन गुंडाळणं एवढंच हाताशी होतं. १९५५ च्या एप्रिलमध्ये तो फुटला आणि त्यातच ते गेले. १९५१ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी फुगलेला भाग काढून तिथे धमनीचा तुकडा बसवला. १९९० मध्ये ब्वेनोस आयरेसला हुआन पारोदी यांनी मांडीच्या धमनीतून आत स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे जाळीच्या आधाराची कापडी नळी, सरकवून बसवण्याची वाट काढली. आज या शेवटच्या दोन्ही पद्धतींच्या शस्त्रक्रिया आपल्या देशात होतात. अडतं ते वेळेवर सापडण्यापाशी.

कोणाचा मोजायचा

इंग्लंडमध्ये पुरुषाला ६५ वं वर्ष लागलं की या एकाच तपासणीसाठी बोलावणं येतं. अमेरिकेत ६५ ते ७५ वयाच्या, आयुष्यात कधीही सिगारेट ओढलेल्या पुरुषांना एकदा तपासून घ्यायला सांगतात. आपल्याकडे असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. म्हणजे देवास, धार, महू, खरगोनहून पथरीसाठी, लघवीच्या तक्रारीसाठी किंवा ‘गॅस होतो’ म्हणून आलेला सत्तरीचा, बिडी ओढणारा माणूस तुमच्या टेबलावर झोपतो, तीच त्याची तपासणी. दुसरी कदाचित होणारही नाही.

साठीच्या पुढचा पुरुष, धूम्रपान, रक्तदाब, हृदयाच्या किंवा पायाच्या धमन्यांचा आजार, वडील किंवा भावाला एन्युरिझम: यांतलं काहीही असेल तर एओर्टा वरपासून खालपर्यंत मोजल्याशिवाय प्रोब खाली ठेवू नका. गुडघ्यामागची धमनी फुगलेली असेल त्यांचाही मोजा, हे दोन आजार बऱ्याचदा जोडीने येतात. बायकांमध्ये एन्युरिझम कमी आढळतो, पण झाला तर लहान आकारातच फुटण्याचा धोका जास्त असतो. म्हणून धूम्रपान करणाऱ्या किंवा घरात हा आजार असलेल्या वयस्क स्त्रीचा एओर्टाही सोडू नका.

रुग्ण आणि मशीन

वेळ ठरवून येणाऱ्या रुग्णाला सहा तास उपाशी राहायला सांगा. इंदुरात हे स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं, कारण सकाळचे पोहे-जिलबी खाण्यात धरायचे असतात हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. चहा, बिडी, तंबाखू, च्युइंगगम काही नको, त्यांबरोबर हवा गिळली जाते. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर चालते. मधुमेही माणसाला सकाळचा पहिला नंबर द्या. आणि पोटात अचानक जोराचं दुखून आलेल्या रुग्णाला उपाशी पोटाचा नियम अजिबात लावू नका.

एक कायदेशीर गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार सोनोग्राफीचं मशीन आणि जागा नोंदलेली असावी लागते, आणि तपासणी पात्र, नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची असते. सरावासाठीसुद्धा बिननोंदणीच्या मशीनला हात लावू नका.

रुग्ण उताणा, उशी डोक्याखाली, गुडघे वाकवलेले. ‘बाबूजी, पैर मोड़ लो, पेट ढीला छोड़ दो’ एवढं सांगितलं की पोटाचे स्नायू सैलावतात आणि प्रोब खोलवर बसतो. हात डोक्याखाली घेऊ देऊ नका, पोट ताणलं जातं.

प्रोब वक्र, २ ते ५ मेगाहर्ट्झचा. डेप्थ आधी १५-१६ सेंटिमीटरवर ठेवा, मणका दिसला की तो पडद्याच्या तळाशी येईल इतकी कमी करा. फोकस एओर्टाच्या पातळीवर. हार्मोनिक, म्हणजे चित्र स्वच्छ करणारी सोय, चालू ठेवा. गेनकडे, म्हणजे चित्र किती उजळ दिसतं त्याकडे, मात्र जास्त लक्ष द्या. फार कमी ठेवला तर एओर्टाच्या आतली ताजी गुठळी वाहत्या रक्तासारखीच काळी दिसते. फार वाढवला तर रिकाम्या पोकळीत खोटा धूर दिसू लागतो. वाहतं रक्त जेमतेम काळं दिसेल तिथे थांबा.

मणक्यापासून सुरुवात

नवशिके थेट ‘काळा गोल’ शोधायला जातात आणि आयव्हीसीवर, म्हणजे खालच्या अंगातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेवर, जाऊन थांबतात. तुम्ही आधी हाड शोधा. बरगड्यांच्या मधल्या टोकाखाली, झिफॉइडच्या, म्हणजे छातीच्या हाडाच्या टोकाच्या, खाली प्रोब आडवा ठेवा, खूण रुग्णाच्या उजवीकडे. थोडा दाब द्या. खोलवर एक चमकदार कमान आणि तिच्यामागे काळी सावली दिसेल, तो मणक्याचा पुढचा भाग. त्याच्या लगेच पुढे, रुग्णाच्या डाव्या बाजूला म्हणजे पडद्याच्या उजवीकडे, जाड भिंतीचा गोल एओर्टा असतो. दुसऱ्या बाजूला आयव्हीसी.

दोघांतला फरक ठोक्यावरून करू नका. शेजारच्या एओर्टाचा ठोका आयव्हीसीलाही हलवतो. भिंत पाहा: एओर्टाची जाड आणि चमकदार, आयव्हीसीची पातळ. आकार पाहा: एओर्टा गोल राहतो, आयव्हीसी बदामाच्या आकाराची असते आणि श्वासाबरोबर बदलते. रुग्णाला नाकाने जोरात आत हुंगायला सांगा, आयव्हीसी पटकन मिटेल, एओर्टा जसाच्या तसा राहील. मग प्रोब उभा करा. लिव्हरमागून जाऊन उजव्या कर्णिकेत उघडते ती आयव्हीसी. लिव्हरच्या डाव्या खंडामागून जातो आणि ज्याच्या पुढच्या भिंतीतून दोन शाखा निघताना दिसतात तो एओर्टा. तरीही शंका असेल तर रक्तप्रवाहाची लहर दाखवणारा पल्स डॉपलर लावा, मिनिटभराचं काम आहे.

वरून खाली

एओर्टा पोटात बाराव्या छातीच्या मणक्यापाशी उतरतो आणि कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी, साधारण बेंबीच्या पातळीला, पायांकडे जाणाऱ्या दोन इलियाक धमन्यांत विभागतो. हा सगळा पट्टा आडव्या प्रोबने, न उचलता, बोटभर अंतराने सरकत पाहायचा.

पहिली खूण सीलियाक, म्हणजे जठर, लिव्हर आणि प्लीहेला रक्त नेणारी धमनी. आडव्या चित्रात तिच्या हिपॅटिक आणि स्प्लेनिक शाखा दोन बाजूंना पसरलेल्या दिसतात, पंख पसरलेल्या समुद्रपक्ष्यासारख्या, म्हणून याला सीगल साइन म्हणतात. साधारण एक-दोन सेंटिमीटर खाली एसएमए, म्हणजे आतड्यांना रक्त नेणारी सुपीरिअर मेसेंटेरिक धमनी, निघते. तिच्याभोवती चरबीचं चमकदार कडं असतं, त्यामुळे ती चुकत नाही. एसएमए आणि एओर्टा यांच्या मधून डावी रीनल व्हेन, म्हणजे डाव्या किडनीची शीर, उजवीकडे जाते. ती दिसली की रीनल धमन्या तिथेच आसपास आहेत असं समजा.

ही पातळी मनात पक्की बसवा, कारण दहातले नऊ एन्युरिझम रीनल धमन्यांच्या खाली असतात आणि सर्जनचा पहिला प्रश्न हाच असतो: फुगा किडनीच्या धमन्यांच्या खाली सुरू होतो की त्यांना धरून? रीनल धमन्या दिसल्या नाहीत तर एसएमएच्या उगमापासून फुग्याच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर मोजून लिहा. सर्जनला त्यावरूनही पुष्कळ कळतं.

विभाजनापर्यंत पोहोचलात तरी थांबू नका. दोन्ही कॉमन इलियाक पाहा आणि मोजा. दीड सेंटिमीटरच्या वर गेलेली इलियाक रिपोर्टात यायलाच हवी. मग प्रोब उभा करून तोच प्रवास पुन्हा करा. लांबीच्या चित्रात फुग्याची सुरुवात, शेवट आणि वळणं कळतात.

निरोगी एओर्टा खाली जाताना हळूहळू निमुळता होतो. खाली येताना तो तेवढाच राहिला किंवा रुंदावला, तर आकडा तीन सेंटिमीटरच्या, म्हणजे एन्युरिझमच्या मर्यादेच्या, आत असला तरी मनात शंका ठेवा.

गॅस आडवा आला तर

मधल्या भागात आडव्या आतड्याचा गॅस येतो आणि तिथेच नवशिके ‘गॅसमुळे दिसला नाही’ असं लिहून मोकळे होतात. आधी दाब. झटका नको, प्रोब एका जागी ठेवून रुग्णाच्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर थोडा थोडा आत न्या आणि अर्धा-एक मिनिट थांबा, आतडं सरकतं. फुगलेल्या एओर्टावर असा हलका, सावकाश दाब दिल्याने काही बिघडत नाही. नाही जमलं तर प्रोब मध्यरेषेपासून थोडा डावीकडे नेऊन तिरका करा. तेही नाही तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा आणि उजव्या कुशीतून, लिव्हर आणि किडनीच्या खिडकीतून पाहा. या चित्रात एओर्टा आणि आयव्हीसी समांतर धावताना दिसतात. लठ्ठ माणसात कित्येकदा हीच एक वाट उरते.

सगळं करूनही काही भाग दिसला नाही, तर कोणता भाग दिसला नाही ते लिहा. ‘रीनल धमन्यांच्या खाली सुमारे चार सेंटिमीटर भाग गॅसमुळे दिसला नाही’ हे वाक्य पुढच्या डॉक्टरला कामाचं आहे.

मोजणी

इथे घाई करू नका. ५.३ आणि ५.६ सेंटिमीटर यांतला फरक म्हणजे ‘तीन महिन्यांनी या’ आणि ‘सर्जनकडे जा’ यांतला फरक, आणि तो फरक तुमच्या मनगटाच्या वळणातून येऊ शकतो.

पहिलं, छेद एओर्टाच्या अक्षाला काटकोनात हवा. म्हाताऱ्या माणसाचा एओर्टा वळणावळणाचा असतो, शरीराला आडवा धरलेला प्रोब त्याला तिरका छेदतो. काकडी तिरकी चिरली की चकती लांबट होते, तसंच इथे होतं आणि व्यास खोटाच मोठा येतो. गोल दिसेपर्यंत प्रोब फिरवा आणि कलवा. लांबीच्या चित्रात उलटी चूक होते: छेद मधोमध न जाता कडेने गेला की व्यास खोटाच लहान येतो. म्हणून दोन्ही चित्रांत मोजा आणि पुढून-मागचा आकडा जुळतो का पाहा. जुळला नाही तर दोन्ही पुन्हा काढा.

दुसरं, निर्णयासाठी पुढून-मागचा व्यास धरा. ध्वनीलहरींच्या दिशेने मशीनचं रिझोल्यूशन चांगलं असतं, आडव्या दिशेने भिंती पसरट दिसतात. आडवा व्यासही लिहा, पण रुग्णाचा पाठपुरावा पुढून-मागच्या आकड्यावर करा.

तिसरं, कॅलिपर, म्हणजे पडद्यावरच्या मोजणीच्या दोन खुणा, कुठे ठेवायचे. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ही पद्धत सर्वांत जास्त वापरली जाते आणि मीही तीच वापरते. इंग्लंडचा तपासणी कार्यक्रम आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतो. दोन्हींत काही मिलिमीटरचा फरक पडतो. कोणतीही वापरा, पण तुमच्या विभागात सगळ्यांनी एकच वापरा आणि रिपोर्टात तिचा उल्लेख करा.

चौथं, गुठळी. मोठ्या एन्युरिझमच्या आत भिंतीला चिकटून रक्ताची गुठळी साचते आणि मधून रक्त जाण्यासाठी जेमतेम दोन सेंटिमीटरची वाट उरते. घाईत पाहिलं तर ती वाटच एओर्टा वाटते आणि सहा सेंटिमीटरच्या फुग्याला ‘नॉर्मल’चा शिक्का बसतो. या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक हीच. भिंतीवरचं कॅल्शियम शोधा, ते बाहेरच्या कडेला चमकतं. मोजायचं ते गुठळीसकट. रंगीत डॉपलर वाहती वाट दाखवतो, व्यास मोजताना तो बंद ठेवा, कारण रंग भिंतीच्या बाहेर सांडतो.

पाचवं, सिनेलूपमध्ये, म्हणजे मशीनने साठवलेल्या हलत्या चित्रात, मागे जाऊन सर्वांत मोठा व्यास दिसणाऱ्या फ्रेमवर मोजा. ठोक्याबरोबर एक-दोन मिलिमीटर हालचाल होतेच.

तीन ठिकाणचे आकडे घ्या: सीलियाकच्या पातळीला, रीनल धमन्यांच्या आसपास आणि विभाजनाच्या जरा वर. कुठे फुगा असेल तर त्याचा सर्वांत रुंद भाग. प्रत्येक आकड्याचं कॅलिपरसकट चित्र साठवा. सहा महिन्यांनी तोच रुग्ण येईल तेव्हा तुमच्या जागी दुसरं कोणी बसलेलं असेल, त्याला तुमचं चित्र लागेल.

दोन तज्ज्ञांच्या मापांत तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज येतो. म्हणून मागच्या रिपोर्टापेक्षा दोन मिलिमीटर जास्त आले की ‘वाढला’ असं लगेच लिहू नका. जुनी चित्रं मागवा, त्याच पातळीवर, त्याच पद्धतीने पुन्हा मोजा.

आकड्याचा अर्थ

रीनल धमन्यांच्या खाली साधारण दोन सेंटिमीटर हा नेहमीचा व्यास, बायकांमध्ये थोडा कमी. २.५ ते २.९ म्हणजे रुंदावलेला. ३.० किंवा त्याहून जास्त म्हणजे एन्युरिझम. शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपट रुंदी हाही एक निकष आहे. लहान चणीच्या बाईत तो उपयोगी पडतो.

पुढची तपासणी कधी, याबद्दल देशोदेशी वेगळं सांगतात. इंग्लंडमध्ये ३.० ते ४.४ पर्यंत वर्षातून एकदा, ४.५ ते ५.४ ला दर तीन महिन्यांनी आणि ५.५ ला सर्जनकडे. अमेरिकेतल्या व्हॅस्क्युलर सर्जनांच्या संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत ३.० ते ३.९ ला तीन वर्षांनी, ४.० ते ४.९ ला वर्षाने, ५.० ते ५.४ ला सहा महिन्यांनी असं आहे. शस्त्रक्रियेचा विचार पुरुषांत ५.५ ला आणि स्त्रियांत ५.० च्या आसपास सुरू होतो.

माझं स्वतःचं मत सांगते. झाबुआ किंवा खरगोनकडच्या खेड्यातून आलेल्या माणसाला ‘तीन वर्षांनी या’ असं सांगणं म्हणजे त्याला सोडून देणं. तीन वर्षांत कागद हरवतो, गाव बदलतं, मुलगा पुण्याला गेलेला असतो. वर्षाने बोलवा आणि तारखेचा महिना सणाला जोडून सांगा. ‘अगली दिवाली के बाद’ हे त्याच्या लक्षात राहतं.

वर्षात एक सेंटिमीटरच्या वर वाढ, एका बाजूला पिशवीसारखा फुगा, दाबल्यावर दुखणारा फुगा: या तिन्हींत आकडा लहान असला तरी सर्जनला दाखवा. पिशवीसारखा फुगा, ताप आणि थोड्या आठवड्यांत वाढलेला आकार दिसला तर जंतुसंसर्गाचा विचार करा. भिंतीभोवती, पुढे आणि बाजूंना, जाड काळसर थर असेल आणि मागची बाजू मोकळी असेल तर तो दाहामुळे झालेला एन्युरिझम असू शकतो. तशा रुग्णाच्या किडन्याही पाहा, युरेटर, म्हणजे किडनीतून लघवी खाली नेणारी नळी, त्या थरात अडकून किडनीला सूज येते.

दुखणारं पोट

पथरीचे रुग्ण आपल्याकडे रोज येतात, त्यामुळे कुशीत दुखतंय म्हटलं की हात आपोआप किडनीवर जातो. साठीच्या पुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच ‘पथरीचं दुखणं’ सुरू झालं असेल, तर किडनी पाहण्याआधी एओर्टा पाहा. गळणारा एन्युरिझम कमरेत, कुशीत, जांघेत दुखतो, हुबेहूब पथरीसारखा. किडनीत एखादा जुना खडा सापडला म्हणून शोध थांबवू नका, खडा आणि फुगा एकाच माणसात असू शकतात.

इमर्जन्सीत प्रश्न एकच: एओर्टा तीन सेंटिमीटरच्या वर आहे का? सराव झाल्यावर याचं उत्तर खाटेपाशीच दोन मिनिटांत मिळतं. दुखणं, पडलेला रक्तदाब आणि पोटात ठोके देणारी गाठ ही पुस्तकातली तिन्ही लक्षणं एकत्र फार जणांत दिसत नाहीत. फुगा आहे आणि रुग्ण दुखण्याने तळमळतोय किंवा घामाघूम होऊन कोसळलाय, एवढं पुरे. फुटलाय की नाही हे सोनोग्राफीवर सिद्ध करायला जाऊ नका. रक्त बहुतेकदा पाठीमागच्या जागेत, डाव्या बाजूला सोअस स्नायूजवळ साचतं आणि ते इथे बऱ्याचदा दिसत नाही. पोटात मोकळं पाणी नाही म्हणून निश्चिंत होणं घातक आहे. व्हॅस्क्युलर सर्जनला फोन, रक्ताची सोय, आणि रुग्ण स्थिर असेल तर सीटी अँजिओ, म्हणजे धमन्यांचा सीटी स्कॅन. ही कामं एकाच वेळी सुरू व्हायला हवीत. रिपोर्ट टाइप होण्याची वाट पाहू नका, तोंडी सांगा आणि कोणाला किती वाजता सांगितलं ते लिहून ठेवा.

तरुण मुलगी, वाढलेला रक्तदाब

पाश्चात्त्य पुस्तकांत एओर्टा म्हणजे म्हाताऱ्या पुरुषाचा आजार. आपल्याकडे एक दुसरा रुग्ण आहे, आणि तो हमखास निसटतो. विशी-पंचविशीची मुलगी, रक्तदाब १७० च्या वर, किडनीची सोनोग्राफी लिहून आलेली. हिच्या पोटावर प्रोब ठेवताना ताकायासू आर्टरायटिस, म्हणजे मोठ्या धमन्यांच्या भिंतींचा दाह, मनात ठेवा. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९०८ मध्ये एका तरुण स्त्रीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचे विचित्र बदल मांडले, त्यावरून हे नाव पडलं. जपानी रुग्णांत छातीतल्या एओर्टावर आणि हाता-मानेच्या धमन्यांवर आघात जास्त दिसतो. भारतीय रुग्णांत पोटातला एओर्टा आणि किडनीच्या धमन्या जास्त सापडतात, म्हणून रक्तदाब.

प्रोब ठेवण्याआधी दोन्ही हातांची नाडी आणि दोन्ही हातांचा रक्तदाब पाहा. पडद्यावर एओर्टाची भिंत सगळीकडून सारखी जाड, गुळगुळीत दिसते आणि आतली वाट लांबच लांब अरुंद होत जाते. कॅल्शियमचे वेडेवाकडे ठिपके नसतात, ते म्हातारपणच्या आजाराचे. रंगीत डॉपलरवर त्या भागात रंगांची सरमिसळ होते, आणि त्याच्या खाली लहर बुटकी आणि हळू चढणारी होते. रीनल धमन्यांचे उगम आवर्जून पाहा, दोन्ही किडन्यांची लांबी मोजा. एक किडनी दुसरीपेक्षा दीड-दोन सेंटिमीटरने लहान असेल तर ते लिहा, निदानाला मोठा आधार मिळतो. मग मानेवर प्रोब ठेवून दोन्ही कॅरोटिडची, म्हणजे मानेतल्या धमन्यांची, भिंत पाहा, मुलगी टेबलावर आहेच. या मुलींना वर्षानुवर्षं रक्तदाबाच्या गोळ्यांवर ठेवलं जातं, लग्न होतं, गरोदरपण येतं, तोवर निदान नसतं. त्यांच्यासाठी ही पाच मिनिटं द्या.

अरुंद, बंद, चिरलेला

म्हातारपणी धमन्यांना येणाऱ्या काठिण्यात भिंतीवर कॅल्शियमचे चमकदार, सावली पाडणारे थर दिसतात. डॉपलर लावताना कोन ६० अंशांच्या आत ठेवा. रीनलच्या वरच्या एओर्टात लहर डायस्टोलमध्येही पुढे जात राहते, खालच्या भागात ती क्षणभर उलटी फिरते. हा फरक निरोगी माणसांत पाहून ठेवा. वेग नेहमी साधारण सेकंदाला एक मीटर किंवा त्याहून कमी असतो. एखाद्या जागी वेग तिच्या वरच्या भागाच्या दुपटीहून जास्त झाला तर निम्म्याहून अधिक अरुंदपणा समजा. चालताना दोन्ही कुल्ले आणि मांड्या भरून येणं, जांघेत नाडी न लागणं, पुरुषाला शिश्नोत्थान न होणं, हे एकत्र दिसलं तर लेरिश सिंड्रोम. त्यात एओर्टा खालच्या टोकाला गुठळीने भरलेला आणि रंगहीन सापडतो. ‘बंद’ लिहिण्याआधी वेगाची पट्टी कमी करा, रंगाचा गेन वाढवा आणि पुन्हा पाहा.

डिसेक्शनमध्ये भिंतीचा आतला पदर सुटतो आणि पोकळीत ठोक्याबरोबर फडफडणारी बारीक रेघ दिसते. ती दोन्ही छेदांत दिसली पाहिजे, रंग दोन्ही बाजूंना वेगळ्या वेगाने भरला पाहिजे, नाहीतर ती परावर्तनाची खोटी रेघ असू शकते. बहुतेक डिसेक्शन छातीतून खाली उतरलेलं असतं. त्यामुळे पोटातला एओर्टा स्वच्छ दिसला तरी पाठीत चिरल्यासारखं दुखणाऱ्या रुग्णाची छाती सीटीवर पाहायलाच हवी.

फसवणाऱ्या गोष्टी

एओर्टाभोवती वाढलेल्या गाठी, लिम्फोमाच्या असोत की क्षयाच्या, एकत्र काळसर दिसतात आणि फुगा वाटतात. त्या एओर्टाच्या मागे शिरल्या तर त्याला मणक्यापासून उचलून धरतात. एन्युरिझममध्ये तो सहसा मणक्याला धरून राहतो. घोड्याच्या नालेच्या आकाराची जोडकिडनी एओर्टाच्या पुढून जाते आणि तिचा मधला भाग गाठीसारखा दिसतो, दोन्ही बाजूंच्या किडन्यांशी तो जोडलेला आहे का ते तपासा. बारीक अंगाच्या माणसाच्या पोटात हाताला जोरदार ठोके लागतात, त्या बहुतेकांचा एओर्टा अगदी निरोगी असतो. मोजा आणि त्यांना तसं सांगा.

रिपोर्ट आणि रुग्णाशी बोलणं

रिपोर्टात माझी ओळ अशी असते: ‘एओर्टा सीलियाकपासून विभाजनापर्यंत पाहिला. रीनल धमन्यांच्या खाली ४.२ बाय ४.४ सेंटिमीटरचा फुगवटा, बाहेरून बाहेर मोजलेला, लांबी ६ सेंटिमीटर, एसएमएच्या उगमापासून ३ सेंटिमीटर खाली सुरू. आत भिंतीलगत गुठळी. इलियाक धमन्या उजवी १.१, डावी १.२. भोवती रक्त दिसत नाही.’ यातली भाषा साधी आहे, सर्जनला हवं ते सगळं त्यात आहे.

निष्कर्ष बारीक अक्षरात शेवटच्या ओळीत दडवू नका, पहिल्या ओळीत घ्या. पथरीसाठी आलेल्या माणसाच्या कागदावर पाठवणारा डॉक्टर पथरीच शोधतो. त्याला फोन करा.

रुग्णाला ‘पोटातली रक्ताची मोठी नळी फुगली आहे’ एवढं कळलं पाहिजे. भीती घालू नका, लपवूही नका. विडी-सिगारेट आजपासून बंद, कारण तिच्यामुळे फुगा लवकर वाढतो. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. पोटात, कमरेत अचानक जोराचं दुखलं किंवा चक्कर येऊन पडल्यासारखं झालं, तर घरी न थांबता, न खाता मोठ्या रुग्णालयात जायचं आणि दारातच सांगायचं की माझा एओर्टा फुगलेला आहे. ही चित्रं आणि हा कागद प्रत्येक वेळी सोबत आणायचा. घरच्या एखाद्या माणसाला मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायला सांगा.

आणि भाऊ सोबत आला असेल तर त्याचं वय विचारा. पन्नाशीच्या पुढे असेल तर त्यालाही याच आठवड्यात, सकाळी उपाशी पोटी बोलवा.